माईंचं भेटकलम

रोझीबाय आमच्या दारात रिकाम्या हाताने कधी आली नव्हती. पालकाची जुडी, चार ओल्या मिरच्या, नाहीतर तिच्या वाडीतला एखादा वेडावाकडा दुधी, काहीतरी असायचंच. त्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती नुसतीच उभी. लुगड्याचा पदर घट्ट ओढून घेतलेला, डोळे सुजलेले. "बाय, माई गेली गो," म्हणाली. "सकाळी चहा ठेवला आणि पाटावर बसली, ती बसलीच. मी हाक मारली कुंपणावरून, दोनदा मारली... नाय बोलली." मी तिलाच धरून आत आणलं. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई डोकावल्या, त्या सोसायटीत नव्याच राहायला आलेल्या. माझं तोंड बघून त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या कोण हो?" आणि मला, जिची जीभ कधी अडत नाही असा लौकिक आहे त्या मला, उत्तर देता येईना. माई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची आई. आपल्या भाषेत मामेसासू आहे, चुलतसासू आहे, आजेसासू आहे, विहीण आहे, सवत तर आहेच आहे. पण ह्या नात्याला शब्द नाही. बहुधा कोणाला त्याची गरज पडली नसावी. मी म्हटलं, "माझी आई." आणि मग रडले.

आता महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड गोडच लिहायचं अशी पद्धत आहे, आणि माईंना ती मुळीच आवडली नसती. म्हणून सांगून ठेवते, त्या गोड नव्हत्या. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत, पण ते त्यांनी असे केले की करताना मला त्यांचा संताप यावा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या उपकाराचा तर मला त्या जाईपर्यंत पत्ताच नव्हता.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. बासष्ट-त्रेसष्टच्या काळात एकोणतीस म्हणजे घोडनवरीच. धाकट्या भावांची शिक्षणं होईपर्यंत दादरला एका विमा कचेरीत टाइपरायटर बडवत होते. स्थळ आलं ते बिजवराचं. पहिली बायको नलू दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेलेली, पदरी पाच वर्षांची मुलगी चारू, आणि ती मुलगी बोरीवलीला आजीपाशी वाढत होती. ती आजी म्हणजे माई. बोलणी पक्की व्हायच्या आधी एका दुपारी माई एकट्याच दादरला आमच्या घरी आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, हाताची नखं मातीने कायमची रंगलेली. आईने पोह्यांची बशी पुढे केली, ती बाजूला ठेवून मला विचारतात, "रागीट आहेस का गं?"

मी म्हटलं, "आहे."

"राग बाहेर पडतो की आत राहतो?"

"लगेच बाहेर पडतो. शेजारच्यांनासुद्धा ऐकू जातो."

"मग ठीक," म्हणाल्या आणि पोहे खाल्ले. ह्याखेरीज त्यांनी मला काही विचारलं नाही. स्वयंपाक येतो का नाही, भरतकाम येतं का नाही, मुलांची आवड आहे का नाही. जाताना आईला एवढंच म्हणाल्या की माझी हरकत नाही. आई बिचारी नंतर दिवसभर म्हणत होती, की हरकत घेणाऱ्या ह्या कोण?

लग्नात चारूला माझ्या ओटीत घातलं. तशी रीतच होती, दुसरेपणाची बायको आली की आधीचं मूल तिच्या ओटीत घालायचं आणि सांगायचं, ही तुझी आई. चारू हिरव्या परकरात शहाण्यासारखी माझ्या मांडीवर बसली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई." झालं! मांडवात सगळ्यांच्या डोळ्यांना पदर लागले. माझ्या सासूबाईंनी पेढे वाटले. पोरीने पहिल्याच दिवशी आई म्हटलं, आता कसली काळजी, म्हणून माझे वडीलसुद्धा रडले. मीही भाबडी, मला वाटलं गड जिंकला. फक्त माई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "छान झालं. आता शनिवार-रविवार तिला माझ्याकडे पाठवत जा." सासूबाईंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

त्याच संध्याकाळी दुसरं प्रकरण झालं. आमच्याकडे सवतीचा टाक करायची चाल. नलूच्या नावाचा चांदीचा छोटा टाक सासूबाईंनी घडवून आणला होता आणि तो मी काळ्या दोऱ्यात गळ्यात घालावा असं त्यांचं म्हणणं. मी शिकलेली, मला घुसमटल्यासारखं झालं, पण नव्या नवरीने काय बोलावं? तर माईच पुढे झाल्या. "माझ्या लेकीला हिच्या गळ्यात अडकवू नका," म्हणाल्या. "तिला देवघरात बसवा. उजेडात राहील, फूल मिळेल. आणि हिलाही मान वर करून चालू दे." कोणाची टाप होती पुढे बोलायची! लेक त्यांची गेलेली. नलूचा टाक आजही आमच्या देवघरात आहे, आणि त्याला मी रोज मनापासून फूल वाहते.

माईंचं घर बोरीवलीत पश्चिमेला, वझिऱ्याच्या बाजूला, आमच्या बिऱ्हाडापासून चालत दहा मिनिटांवर. बैठं घर, कौलारू, आणि मागे चांगली ऐसपैस वाडी. पलीकडे रोझीबायची भाजीची वाडी. रोझीबाय मूळची तिथल्याच गावठाणातली, ख्रिस्ती, नवरा लवकर गेलेला. ह्या दोघींची सकाळ कुंपणावरच्या भांडणाने सुरू व्हायची आणि संध्याकाळ कुंपणावरच्या चहाने संपायची. माईंचं माहेर घोलवडचं, चिकूच्या वाड्यांतलं. वडिलांच्या हाताखाली त्यांनी लहानपणीच कलमं बांधायला घेतली होती. तार कचेरीतल्या नवऱ्याबरोबर बोरीवलीला आल्या तेव्हा पाटा-वरवंट्याआधी कलमाचा चाकू आणला, असं त्या स्वतःच सांगत. पुढे नवरा गेला, मग लेक गेली. चाकू तेवढा चालू राहिला.

कुठल्या झाडावर कुठलं झाड लागतं ह्याचं त्यांना वेडच होतं. रामफळावर सीताफळ लावलेलं, ते छान लागलं होतं. ईडलिंबावर मोसंबं. गावठी बोरावर उमराण जातीचं मोठं बोर. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे खिरणीवर चिकू. खिरणी म्हणजे ती उन्हाळ्यात बोरीवली स्टेशनाबाहेर बायका पानांच्या द्रोणातून विकतात ना, ती पिवळी चिकट रांजणं, त्यांचंच झाड. आमचे गुजराती शेजारी त्याला रायण म्हणतात. वाढायला महा आळशी, पण मूळ असं चिवट की पाणी साचो वा दुष्काळ पडो, हूं का चूं नाही. बिया माई पूर्वेकडच्या कान्हेरीच्या रानातून आणवत. "दिसायला चिकूचं नि हिचं काही साम्य आहे का? नाही," असं म्हणून त्या दोन्हींची साल नखाने खरवडून दाखवायच्या. दोन्हींतून पांढरा चीक यायचा. मी लगेच शहाणपणा केला, "म्हणजे चीक येतो त्या सगळ्यांचं आपसात जमतं?" तर म्हणाल्या, "फणसालाही चीक येतो. लाव की. बघ कसा लागतो."

त्यांनी स्वतः एकदा मोहावर चिकू लावला होता. मोहही चिकूच्याच नात्यातला. लागला! दोन वर्षं जोरात वाढला, शेजारीपाजारी बघायला आले, रोझीबायने त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळं फडकं बांधलं. आणि एक दिवस साध्या वाऱ्याला जोडापाशी कट्कन मोडला. "बिस्किटासारखा," माई सांगायच्या. "तुकडा बघितला तर कापल्यासारखा गुळगुळीत. बाहेरून सालीला साल चिकटली होती, आत एकाही धाग्याने दुसऱ्याला धरलं नव्हतं. दोन वर्षं मला फसवत होता मेला!" हे सांगताना त्या हसायच्या, पण त्या झाडाचा राग त्यांच्या मनातून गेलेला नव्हता.

आता चारूबद्दल सांगते. ती माझ्याशी इतकी चांगली वागायची की मला भीती वाटावी. ताटातलं सगळं खायची, आपला फ्रॉक आपण घडी करून ठेवायची, "आई, मी खेळायला जाऊ?" असं विचारून जायची. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगत असे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र तिची पिशवी भरलेली असायची, आणि माईंचं घर दिसलं की पोर माझा हात सोडून अशी धावत सुटायची की मागे वळून बघणं नाही. मी फाटकाशी उभी. मला ते झोंबायचं, खोटं कशाला बोलू? ही बाई पोरीला सोडत नाही, मग पोर माझी कशी होणार, असं मी ह्यांना रोज ऐकवत असे. हे म्हणजे आमचे यजमान, ते वर्तमानपत्र वर धरायचे.

चैत्रात एकदा माईंनीच निरोप पाठवला की दोन शनिवार चारूला पाठवू नका, मला काम आहे. मी खूश! पोरीला राणीच्या बागेत नेलं, आइस्क्रीम दिलं. ती सगळं शहाण्यासारखं करत होती. हत्ती बघितला, आइस्क्रीम संपवलं, "छान होतं, आई" म्हणाली. आणि दुसऱ्या शनिवारी तापाने फणफणली. अन्नाचा कण ठरेना. डॉक्टर म्हणाले, मला काही सापडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली, काय हवं विचारलं तर "काही नको, आई." ते "काही नको, आई" मला अजून ऐकू येतं. शेवटी हे जाऊन माईंना घेऊन आले. माई आल्या, चारूच्या उशाशी बसल्या, तिने डोळेसुद्धा न उघडता त्यांचा मातकट हात गालाखाली ओढून घेतला. माई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाई केली मी."

मी उसळलेच. "तुम्ही घाई केलीत? मला काही जमत नाही असं सरळ म्हणा ना!"

"तसं असतं तर तसंच म्हटलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू पेज टाक तिला. तांदळाची. मी भरवत नाही, तू भरव. मी नुसती बसते." तशाच बसल्या, आणि मी भरवलेली पेज त्या दिवशी चारूच्या पोटात राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी माईंनी मला भेटकलमं बांधायला बोलावलं. हे काम एकटीने होत नाही. चिकूच्या जुन्या झाडाला बांबूंचा माळा बांधायचा, खिरणीची रोपं कुंड्यांसकट त्यावर चढवायची, आणि ज्या फांदीचं कलम हवं तिच्याशेजारी कुंडी टेकवायची. दोघींची बोटभर साल तासायची, जखमेला जखम लावायची, केळीच्या सोपटाने आवळायचं आणि वर शेणमातीचा लेप द्यायचा. फांदी आपल्या आईच्या झाडावर तशीच, आणि खिरणी आपल्या कुंडीत तशीच. दोघी नुसत्या भेटलेल्या. म्हणून भेटकलम. मग दोन-तीन महिने रोज माळ्यावर चढून कुंड्यांना पाणी घालायचं. ते काम माईंनी माझ्यावर टाकलं. साडी खोचून शिडी चढताना मला रोझीबाय खालून ओरडायची, "पडशील गो बाय, मग तुनाच बांधायला लागल शेणमातीनं!"

मला वाटायचं, पानं हिरवीगार आहेत म्हणजे कलम लागलंच की. माईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ते हिरवं आहे ते आईच्या जिवावर! झाडाचा रस चालू आहे तोवर ते हिरवंच राहणार. त्यावरून काय कळतं?" मग त्यांनी दाखवलं. जोडाच्या खाली, आईच्या फांदीला अर्धाच छेद द्यायचा. तोडायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन असताना, बघायला जायचं. पानांनी मान टाकली तर अजून लागलेलं नाही, आणखी थोडं राहू द्यायचं. मान ताठ राहिली तर काही दिवसांनी छेद वाढवायचा. मग आणखी वाढवायचा. एकदम कधीही तोडायचं नाही.

मी माळ्यावर कुंडी धरून उभी होते. एकदम डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "माई... म्हणजे चैत्रात तुम्ही चारूला..."

"गप," त्या म्हणाल्या. "झाडाला ताप येत नाही. पोरीला येतो. माणसांना झाडांच्या गोष्टी लावू नकोस, नाटकी दिसतं. कुंडी नीट धर." चारू खाली चिखलात खिरणीच्या बिया मांडून दुकान दुकान खेळत होती. त्यानंतर हा विषय आमच्यात कधीही निघाला नाही.

पुढचं वर्षभर शनिवार-रविवार चालू राहिले, पण त्यांत हळूहळू बदल झाला. आधी चारूबरोबर मीही राहायला लागले. मग माई रविवारी दुपारीच म्हणायच्या, मला पडायचंय, जा दोघी घरी. मग एखादा शनिवार चुकायचा. चारू कुरकुरायची, पण जेवायची. आणि पुढच्या श्रावणात माईंनी सांगितलं की मी घोलवडला भावाकडे जाते, दिवाळीपर्यंत तिकडेच राहीन, गुडघ्यांना तिथली हवा मानवते. मला कलमांना पाणी घालायलाही सांगितलं नाही, रोझीबाय घालेल म्हणाल्या. माझा पारा चढला. नात पहिलीत गेलेली, तिचा वाढदिवस भाद्रपदात, गणपतीत आमच्याकडे दीड दिवस सगळं घर भरलेलं, आणि ह्या बाईला भावाच्या घरची हवा हवी! वाढदिवसालाही आल्या नाहीत. मी मधून मधून रोझीबायला विचारायची, माई आल्या का? ती मिरच्या निवडता निवडता मान न वर करता म्हणायची, "नाय गो. घोलवडला हाय ती." चारूने आधी रोज विचारलं, मग दिवसाआड, मग विसरून जायला लागली.

गणपतीनंतरची गोष्ट. शाळेतून आल्या आल्या चारूने पाटी फेकली, कारण मी डब्यात कारल्याची भाजी दिली होती. मी ओरडले. ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. "तू माझी आई नाहीयेस! माझी आई मेली! तू घाणेरडी आहेस!" आणि चटईवर पडून हातपाय झाडत रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. खरंच तर बोलली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मलाही रडू यायला लागलं. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, नाक ओढत, रागातच, "आई, मला भूक लागलीय. थालीपीठ लाव. आणि लोणी जास्त." मी परात ओढली, थालीपिठं लावली आणि लोण्याचा गोळाच वर ठेवला. तिने दोन खाल्ली, आणि तिसरं अर्धं टाकून दिलं. माझ्या घरात तिने पानात टाकलेलं ते पहिलं अन्न.

वसुबारसेला माई आल्या. मला खण-नारळ आणि हिरवी चौकड्यांची साडी, चारूला परकर. "उद्यापासून दिवाळीला माहेरी चल," म्हणाल्या, "दोघी चला." मी रागातच होते, तरी आधी कारल्याची ती गोष्ट सांगितली, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नव्हती. ह्यांनाही सांगितली नव्हती. माईंनी सगळी ऐकून घेतली. "भांडली? घाणेरडी म्हणाली तुला?" त्यांचा चेहरा असा उजळला की बास. "आणि मग तुझ्याकडेच जेवण मागितलं? उत्तम! उत्तम झालं!" असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि एकदम उठून न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं प्रवासाची धूळ धुताहेत.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. माई नेहमीसारख्या आजी झाल्या, येणार, जाणार, चारूच्या मार्कांवरून मला बोलणार, मी जास्त तूप घालते म्हणून कुरकुरणार. माझ्या आईच्या आजारपणात त्याच माझ्याबरोबर दादरला येऊन राहिल्या. माझे भाऊ जेव्हा माझ्याशी वाकडे वागले तेव्हा "तुझं माहेर बोरीवलीला आहे" एवढं एकच वाक्य बोलल्या, आणि दर दिवाळीला ते खरं करून दाखवलं. मला मूल झालं नाही, त्याबद्दल जगाने मला जे जे विचारायचं ते विचारलं. माईंनी एकदाही विचारलं नाही. उलट कोणी विचारलं तर त्या चारूकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही काय मग, मांजर आहे का?"

त्यांच्या तेराव्यानंतर चारू आणि मी घर आवरायला गेलो. चारू आता कॉलेजात आहे, माझ्याहून उंच, माझ्याहून भांडखोर. ती फुलवाल्याकडे जाऊन येते म्हणून मागच्या रस्त्याने गेली, आणि मी वाडीत उभी राहिले. रोझीबाय आली. जरा घुटमळली. मग म्हणाली, "बाय, एक सांगायचं हाय. माईनं मना शपथ घातलेली, मी जिती हाय तोवर नाय सांगायचं. आता सांगते. ती तवा घोलवडला गेली नव्हती."

"कधी?"

"चारू पहिलीत होती ना, तवा. चार दिसांत परत आली. दिवाळीपर्यंत हितंच होती घरात. पुढचं दार लावून. सामान मी आणून द्यायची. मी तुना रोज खोटं सांगायची, घोलवडला हाय म्हणून. फादरला पण जाऊन सांगितलं मी, मी रोज खोटं बोलते. फादर बोलला, कशापायी? मी सगळं सांगितलं. तवा बोलला, आणखी थोडे दिवस बोल."

मला पटकन काही उमगेना. मी म्हटलं, "पण मग चारूला बघितल्याशिवाय कशी राहिली ती? घरात बसून?"

रोझीबायने माझ्या दंडाला धरलं आणि वाडीच्या मागच्या टोकाला नेलं. तिथे रस्त्याच्या कडेने मेंदीचं दाट कुंपण आहे, पुरुषभर उंच, बाहेरून आत काही दिसत नाही. शाळेचा रस्ता तो. त्या दिवसांत चारूचा हात धरून मी रोज संध्याकाळी तिथूनच घरी जात असे. त्या कुंपणात आतल्या बाजूने एक फट होती, दोन हात मावतील एवढी. कडेच्या फांद्या अलीकडेच छाटलेल्या दिसत होत्या. मेंदी भराभर वाढते, फट ठेवायची तर सारखी छाटावी लागते. म्हणजे इतकी वर्षं, चारू उघडपणे घरात येऊ-जाऊ लागल्यावरही, माईंनी ती बुजू दिली नव्हती. "शाळा सुटायची घंटा झाली का ती हितं येऊन उभी राहायची," रोझीबाय म्हणाली. "तुम्ही दोघी जाईपर्यंत. पाऊस असला तरी. मी बोलायची, माई, हाक मार ना पोरीला एकदा. ती बोलायची, नको, मान टाकील."

फट खाली होती, माईंच्या उंचीची. मला वाकावं लागलं. समोर रस्ता दिसला, पलीकडची भिंत, आणि हातात झेंडूची पुडी घेऊन परत येणारी चारू. ती कुंपणाच्या अगदी जवळून चालली होती, हात लांब केला असता तर वेणी हाताला लागली असती. मी वाडीतच असेन असं धरून ती तिथेच थांबली आणि तिने नेहमीसारखी, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "आई! ए आई! कुठे आहेस गं?"

माई इथे उभ्या राहून रोज हेच ऐकत होत्या. त्यांच्या नलूच्या पोरीने, त्यांच्या डोळ्यांदेखत, मला मारलेली हाक. आणि दिवाळीपर्यंत त्यांनी ह्या फटीतून एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही.

ओ द्यायच्या आधी मी फटीतून तिला डोळे भरून बघून घेतलं. चारूने पुन्हा हाक मारली. मग मी दिली.